दुसऱ्या शाखेचं इंग्रजी

कार्तिक वद्य तृतीया. ही आमच्या पंचांगाप्रमाणे. गलीतल्या बाकीच्या लोकांचा अगहन, म्हणजे त्यांचा मार्गशीर्ष, परवाच लागला. आज रजयांना ऊन द्यायचा दिवस. धुनिया कापूस पिंजून, भरून गेला, खोळी धुऊन झाल्या, आणि आता नऊ रजया छतावर पसरून मी शेजारी तखतावर बसले आहे. हातात काठी, मांडीवर वही. काठी माकडांसाठी. मुन्शी घाटाच्या वरच्या गलीत राहणाऱ्या माणसाने छतावर काही वाळत घालून खाली जाऊ नये. मागच्या वर्षी आमच्या एका उशीचा कापूस खाली घाटावर चहा पीत बसलेल्या नावाड्याच्या कुल्हडात पडला होता, आणि तो माणूस चहाचे पैसे न मागता नुसता कुल्हड दाखवायला तीन मजले चढून वर आला होता. तीन वाजेपर्यंत मला इथून हलता येणार नाही. तेवढ्यात सकाळी जे डोक्यात आलं ते लिहून टाकते.

आमच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत, अण्णांच्या काळापासून. सध्या तिथे एक इंग्रज जोडपं उतरलं आहे. दोघं निवृत्त, सभ्य, स्वतःची ताटं स्वतः खाली आणून ठेवणारी. आज सकाळी त्यांची थालीपिठं घेऊन मिहिका वर गेली. मिहिका ही माझा भाऊ श्रीपाद याची नात, वय वर्षं आठ, मला आत्याआजी म्हणते. शाळेत ती इंग्रजी शिकते, पण बोलते ते शाळेचं नव्हे. मोबाइलवरच्या कार्टूनमधली मुलं बोलतात तसं, अमेरिकन, शब्द तोंडात घोळवून सोडलेलं. तिने बाईंना विचारलं की लोणी आणखी हवं आहे का. बाईंच्या ओठांवर हसू होतं ते तसंच राहिलं, पण नाकाच्या मुळाशी एक आठी पडली आणि लगेच गेली, अनवाणी पाय ओल्या फडक्यावर पडल्यासारखी. मग मला म्हणाल्या, "ही असं बोलायला कुठे शिकली?" मी म्हटलं, मोबाइलवर. त्या नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "इथेसुद्धा."

ती आठी माझ्या ओळखीची आहे. याच घरात, खालच्या बरामद्यात, ती एकदा माझ्यासाठी पडली होती.

लहानपणापासून आमच्या घरात जो आवाज होता तो संथेचा. माझे वडील, अण्णा, घरीच पाच-सहा विद्यार्थ्यांना आमच्या शाखेचा, म्हणजे आमच्या पठणपरंपरेचा, वेद शिकवत. बरामदा हीच पाठशाळा. संथा म्हणजे गुरुजींनी एकदा म्हणायचं आणि शिष्याने दोनदा. पुढ्यात पोथी नाही, अर्थ नाही, प्रश्न नाही. गुरुजींचा स्वर चढला तिथे मान वर, उतरला तिथे मान खाली. जिथे त्यांनी श्वास घेतला तिथेच आपण घ्यायचा. कुणी स्वतःच्या मनाने गोडवा आणायला गेला की अण्णा हात वर करून थांबवत. "तुझी अक्कल बाजूला ठेव. दिलं ते परत दे." मुलींना हे शिकवत नसत. पण बरामदा आणि स्वयंपाकाचा चौका यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि थंडीत त्या भिंतीला पाठ लावून मी मटार सोलत बसायची. आमच्याकडे थंडीत मटार सगळ्यात पडतात, पोह्यांत, भातात, साबुदाण्याच्या खिचडीतही, पुण्याच्या मावशीने एकदा ताट बघून विचारलं होतं, "हा कुठला गं उपास?" तर सोलता सोलता मी चुका पकडायची. "आई, त्या कोपऱ्यातल्याने शेवटचं खाली आणलं नाही," म्हटलं की आई म्हणायची, "तू मटार बघ. किडके निघताहेत." पण दुसऱ्याच क्षणी भिंतीपलीकडून अण्णा त्याच मुलाला तेच पुन्हा म्हणायला लावत, आणि आई माझ्याकडे न बघता मटारांची टोपली पुढे ओढून घ्यायची.

ग्लेन आला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. बी.ए. झालेलं, सगळं हिंदी माध्यमातून. इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायला तोंड उघडलं की बाहेर काही पडत नसे. ग्लेन अमेरिकेच्या मधल्या कुठल्याशा मुलखातला, जिथे नजर पोचेल तिथवर मक्याची शेतं असतात म्हणे. तबला शिकायला आला होता. लांब हातपाय, जिन्याच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचा आणि रोज चौकटीची माफी मागायचा. मी त्याला म्हटलं, मला इंग्रजी शिकव. तो म्हणाला, "मी शिक्षक नाही, कुंदा. मला व्याकरण-बिकरण येत नाही."

"शिक्षक नकोच आहे," मी म्हटलं. "तू एकदा म्हण, मी दोनदा म्हणते."

तो लगेच समजला. त्याचे उस्ताद त्याला तबल्याचे बोल असेच देत. मग रोज नाश्ता झाला की छताच्या पायऱ्यांवर तो वरच्या पायरीवर, मी तीन पायऱ्या खाली. पुस्तकं नव्हती. दुधाच्या पावडरच्या डब्यावरचा मजकूर झाला, त्याच्या औषधांचे कागद झाले, आणि मग त्याच्या आईची पत्रं सुरू झाली, जी दर आठवड्याला येत आणि ज्यांत मुख्यतः शेजाऱ्यांचा कुत्रा असे. तो कुत्रा यांच्या गॅरेजात येऊन घाण करून जाई. मी ते सगळं घेतलं. शब्द घेतले, शब्द जिथे तो नाकातून काढायचा ते नाक घेतलं, वाक्याच्या शेवटी जी एक आळसावलेली, मैत्रीची घसरण असायची ती घेतली. काही वगळायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. वगळणं आमच्या घरात पाप होतं. श्रीपाद येता-जाता चिडवायचा. "आई, चुलीपाशी अमेरिका बोलतेय. तिला विचार, वरणात मीठ पडलंय का." सात महिन्यांनी ग्लेनला कावीळ झाली आणि तो परत गेला. जाताना म्हणाला, "माझ्या आईला फोनवर तू शेजारची मुलगी वाटशील." मला याहून मोठं प्रमाणपत्र ठाऊक नव्हतं. अण्णा कुठल्याही विद्यार्थ्याला एवढं कधी म्हणाले नव्हते.

त्यानंतरच्या थंडीत हेलनबाई आल्या. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात संस्कृत शिकवत. पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी आणि वर पुरुषी स्वेटर. अण्णांचं वेदपठण टेपवर घ्यायचं हे त्यांचं काम. अण्णांशी त्या संस्कृतात बोलत, दोघंही इतकी हळू आणि इतकी शुद्ध की एका वाक्यात आईचा चहा निवायचा. माझ्याशी हिंदीत बोलत, कारण त्यांना हिंदीचा सराव हवा होता. बरामद्याच्या कोपऱ्यात चटईवर टेपरेकॉर्डर घेऊन बसत, आणि विद्यार्थ्यांनी जसंच्या तसं परत दिलं की डोळे मिटून घेत. एकदा मला म्हणाल्या, "कुंदा, तुमच्या घरात जी गोष्ट आहे ती जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. तोंडातून तोंडात, एक केसही न हलता." मी मान डोलावली. मला तेव्हा वाटलं, ही बाई मला समजेल.

एक दिवस त्यांनी अण्णांना विचारलं. टेपा इंग्लंडला नेऊन लावायच्या, यादी करायची, प्रत्येक पठणाच्या आधी इंग्रजीत सांगायचं की हा कोणता भाग आहे, कोण म्हणत आहे, स्वर कुठे कसा आहे. दोन वर्षांचं काम. हे ऐकून ओळखणारं माणूस पाहिजे, आणि ते माणूस त्यांच्या मते भिंतीपलीकडे मटार सोलत होतं. मी सांगितलं, मला इंग्रजी चांगलं येतं. तिसऱ्या दिवशी अण्णा अमृतराव घाटावरून स्नान करून आले आणि ओला पंचा दोरीवर टाकताना म्हणाले, "जाऊ दे तिला." त्या वाक्याचं काय वजन होतं ते आता कुणाला सांगून कळायचं नाही. आमच्या घरातून तोवर कुणी बाई एकटी अलाहाबादलाही गेली नव्हती. आईकडे नागपूरचं एक स्थळ आलेलं होतं. तिने त्यांना थोपवून धरलं. "इंग्लंड होवो नाहीतर नागपूर," ती म्हणाली, "माघापर्यंत एक काहीतरी ठरू दे." श्रीपाद म्हणाला, "नागपूर लांब वाटत असेल तर भोसले घाटावर नेऊन बसवू. तोही नागपूरच्या भोसल्यांनीच बांधलाय." राहिलं होतं ते एवढंच की माझ्या आवाजाची एक छोटी टेप हेलनबाईंच्या समितीकडे जायची होती.

त्यासाठी प्रतिपदा ठरली. प्रतिपदेला अनध्याय, म्हणजे वेदाभ्यासाला सुट्टी, त्यामुळे बरामदा रिकामा असतो. सकाळचं कोवळं ऊन होतं, आई आत शेवया भाजत होती त्याचा वास येत होता. हेलनबाईंनी मजकूर लिहून दिला. मी बसले, श्वास घेतला आणि म्हटलं. चार वाक्यं झाली असतील. मी वर बघितलं तर ती आठी.

त्यांनी टेप थांबवली. पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. "हे कुठे शिकलीस?"

मी सांगितलं. संथा, ग्लेन, पायऱ्या, पत्रं, सगळं. मला वाटलं, संथा म्हटल्यावर त्या खूश होतील.

"फार चांगलं जमलं आहे," त्या म्हणाल्या. "तीच अडचण आहे. अमेरिकन माणूस असा बोलला तर आम्ही चालवून घेतो. तू तुमच्या पद्धतीचं बोलली असतीस, अडखळत, तरी चाललं असतं. लोकांना आवडलंही असतं. पण ऋचेच्या आधी हा आवाज..." त्या थांबल्या. मग हिंदीत, अगदी पुस्तकी हिंदीत म्हणाल्या, "वे लोग हँसेंगे. जान-बूझकर नहीं. पर हँसेंगे."

"का?" मी विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. त्या अप्रामाणिक बाई नव्हत्या. "आमच्या घरून कुणी आमचीच चादर नेली," त्या म्हणाल्या, "आणि वर्षांनी ती पांघरून परत आला. मोठ्याने बोलत. आणि आता सगळ्या जगाला वाटतं की चादर त्याचीच. माझे वडील रेडिओवर तो आवाज लागला की उठून बंद करत. मी त्यांच्यासारखी नाही. पण कान त्यांच्याच घरात तयार झालाय, त्याला मी काय करू?"

मी म्हटलं, मग तुम्ही द्या संथा. तुमचं शिकते.

दोन आठवडे त्यांनी दिली, मनापासून दिली. त्या एकदा, मी दोनदा. पण मी त्यांचं वाक्य उचललं की अर्ध्यावर ग्लेन पुढे यायचा, आणि शेवटाला कुत्रा गॅरेजात शिरायचा. ऋषीचं नाव, देवतेचं नाव, छंदाचं नाव, आणि त्यामागून ती आळसावलेली मैत्रीची घसरण. नववा-दहावा दिवस असेल, हेलनबाईंनी थकून अण्णांना मध्ये घातलं. संस्कृतात सांगितलं की मुलीला समजवा, उच्चार बदलायला हवा. अण्णांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. ते मला म्हणाले, "त्या मुलाचं म्हण." मी म्हटलं. मग हेलनबाईंना म्हणायला लावलं. मग पुन्हा मला. डोळे मिटून ऐकलं, बोटावर काहीतरी मोजलं, आणि मराठीतच बोलले, "हिची चूक नाही. दिलं ते हिने परत दिलं. बाईंची शाखा वेगळी आहे, त्या मुलाची वेगळी. बसलेली संथा उठवता येत नाही. आणि दोन शाखा एकत्र करू नयेत, दोन्ही बिघडतात."

मी भाषांतर करून सांगितलं. हेलनबाई हसल्या, याच विषयावर त्यांनी म्हणे लेख लिहिला होता. मग हसू गेलं. "त्यांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण समितीत कुणी वैदिक नाही."

तरी टेप घेतली. आम्ही दोघींनी ती ऐकली, हेडफोनची एक एक बाजू कानाला धरून. त्यात ना ग्लेन होता ना हेलनबाई. दोन्हीकडून धुतलेलं, रंग उडालेलं काहीतरी होतं, आणि मधेमधे माझा श्वास, भलत्या ठिकाणी घेतलेला. अण्णांचं म्हणणं मला तेव्हा कळलं. दोन आठवड्यांपूर्वी माझ्याकडे एक इंग्रजी होतं. आता तेही नव्हतं. हेलनबाईंनी टेप समितीकडे पाठवली आणि सोबत माझ्या बाजूने पत्रही लिहिलं, मी ते वाचलं आहे, चांगलं पत्र होतं. उत्तर महिन्याने आलं. त्यांनी लखनऊच्या एका मुलीला घेतलं, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिला उदात्त-अनुदात्तातला फरक कळत नव्हता, पण ती अशी बोलायची की हेलनबाईंच्या वडिलांनी रेडिओ बंद केला नसता.

नागपूरकरांनी तोवर दुसरीकडे जमवलं होतं. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही, मी तो मुलगा पाहिलाही नव्हता. आई मात्र म्हणाली, "दोन डगरींवर पाय ठेवायला मीच सांगितलं." पुढची स्थळं आली, गेली, थांबली. आई गेल्यावर चौका माझ्याकडे आला, मग वरच्या खोल्या. दोन वर्षांनी हेलनबाईंकडून टेपांचा संच आला. अण्णांनी एकदा ऐकला. स्वतःचं पठण नव्हे, मधलं त्या मुलीचं इंग्रजी ऐकत होते ते. तिने आमच्या शाखेचं नाव चुकीचं म्हटलं होतं, प्रत्येक टेपवर, सारखंच चुकीचं. अण्णा म्हणाले, "हिला कुणी दिलंच नाही," आणि उठून संध्येला गेले. त्या टेपा अजून आहेत. कुठेतरी कुणी अभ्यासक त्या ऐकतही असेल, आणि त्याला वाटत असेल की आमच्या शाखेचं नाव तसंच आहे.

इंग्रज पाहुणे आमच्याकडे नंतरही येत राहिले. अमेरिकन उच्चार कानाला का खुपतो ते मी त्यांना कधी कधी विचारते, हिंदीत किंवा मोडक्या इंग्रजीत, आता मोडकं छान जमतं. एक म्हातारे मास्तर म्हणाले होते, अमेरिकन बोलायला लागला की वाटतं कुणीतरी न विचारता आपल्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलं. एका तरुण बाईने सांगितलं, तिचा स्वतःचा मुलगाच तसं बोलतो, कार्टून बघून, आणि ती जेवताना त्याला टोकते, आणि टोकल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटते. म्हणजे तिलाही कळतं. कळल्याने काही होत नाही, कान ऐकत नाही. मला त्यांचा राग येत नाही. आम्हीही पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसमोर पोरांना दटावायचो, नीट मराठी बोला, "सब्जी" म्हणू नका. तरी पोरं म्हणायचीच, आणि पाहुण्यांच्या नाकाशी आठी पडायचीच.

तीन वाजले. माकडं एकदाच आली होती, कठड्यापर्यंत. रजया आत घेते.

चतुर्थी, सकाळ. आज संकष्टी, मला उपास. पाहुण्यांसाठी पुन्हा थालीपिठं. ताट वाढून झाल्यावर मी मिहिकाला चौक्यात थांबवलं आणि सांगितलं, वरच्या आजींशी इंग्रजी बोलायचं नाही. तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, बोलायचं नाही म्हणजे नाही. ती म्हणाली, "मी चुकीचं बोलते?" मी म्हटलं, "नाही." एवढंच. पुढचं सांगायला मला जमलं असतं, पण ती आठ वर्षांची आहे, आणि सांगून तिच्या कानाला एक गोष्ट कायमची बसली असती. ताट घेऊन ती वर गेली, मी लोणी घेऊन मागे. बाईंनी तिला प्रेमाने काहीतरी विचारलं. मिहिकाने माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे, आणि गप्प उभी राहिली. "अरे," बाई मला म्हणाल्या, "लाजाळू आहे का?"

मी हिंदीत म्हटलं, "हाँ, शर्माती है," आणि गरम थालीपीठ आणायला खाली गेले.